विजेच्या स्पर्शाने स्मृती जागते का?



आयुर्वेदाने ज्या व्याधीला 'अपस्मार' असे नाव दिले, त्या व्याधीच्या नावातच स्मृतीचा लोप सांगितलेला आहे. 'स्मार' म्हणजे स्मरण आणि त्याचे दूर जाणे तो 'अपस्मार'. झटका आला की रुग्णाची शुद्ध हरपते आणि मधल्या क्षणांतले काहीही त्याला आठवत नाही, हे वैद्यांनी पाहिले आणि त्यावरून हे नाव योजिले. विसाव्या शतकात मानवी स्मृतीविषयी जे ज्ञान हाती आले, त्यातले फार मोठे ज्ञान याच व्याधीच्या रुग्णांनी दिले, हा योगायोग मोठा विलक्षण आहे. आजचा विषय म्हणजे विद्युत्प्रवाहाने स्मरणशक्ती वाढविण्याचे प्रयत्न. त्यातही पानोपानी भेटतात ते हेच रुग्ण.

त्यांतील पहिला हेन्री मोलेसन. १९५३ साली अमेरिकेतील हार्टफोर्ड येथे हा सत्तावीस वर्षांचा तरुण शस्त्रक्रियेच्या टेबलावर गेला. अपस्माराच्या झटक्यांनी त्याचे जगणे अशक्य केले होते. विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदाने दोन्ही कानशिलांच्या आतील बाजूचा मेंदूचा भाग काढून टाकला. झटके कमी झाले. परंतु त्या दिवसापासून हेन्रीच्या मनात नवी आठवण रुजेना. बालपण आठवे, आई-वडील आठवत, बोलणे-चालणे व्यवस्थित होते, बुद्धीही शाबूत होती. मात्र दहा मिनिटांपूर्वी भेटून गेलेला मनुष्य पुन्हा समोर आला, तर तो त्याला अनोळखी असे. माँट्रियलच्या मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि प्रत्येक भेटीत त्या त्याच्यासाठी नवख्याच राहिल्या. मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायला दिली. दिवसागणिक त्याचा हात सफाईने चालू लागला आणि तरीही, हे आपण पूर्वी कधी केले आहे याची त्याला गंधवार्ताही नव्हती. याचा अर्थ स्मृती एक नाही. हाताची स्मृती वेगळी आणि प्रसंगाची स्मृती वेगळी. प्रसंगाच्या स्मृतीचे द्वार म्हणजे हिप्पोकॅम्पस, समुद्रघोड्याच्या आकाराचा, बोटाएवढा एक अवयव. मेंदूच्या उजव्या-डाव्या अर्धात एकेक. हेन्रीच्या मेंदूतून त्याचाच मोठा भाग गेला होता. २००८ साली वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी तो वारला.

द्वार कोठे आहे हे कळल्यावर ते उघडण्याची इच्छा होणे स्वाभाविकच होते. खरे तर विजेचा स्पर्श त्याही आधी झाला होता. माँट्रियलचेच वाइल्डर पेनफील्ड हे शल्यविशारद रुग्ण जागा असताना त्याच्या मेंदूला सूक्ष्म विद्युत्प्रवाहाने स्पर्श करीत. मेंदूला स्वतःची वेदना नसते, त्यामुळे रुग्ण बोलू शकतो. कोणता भाग वाचेचा, कोणता हालचालीचा हे कळावे आणि कापताना तो वाचावा, एवढाच मूळ हेतू. परंतु कानशिलाजवळच्या भागाला स्पर्श होताच काही रुग्ण अकस्मात गाणे ऐकू आल्याचे सांगत, कोणी आईचा आवाज ऐके. जगभर बातमी पसरली की, माणसाचे सारे आयुष्य मेंदूत ध्वनिफितीसारखे नोंदलेले असते, विजेने ती फीत वाजवायची तेवढी बाकी आहे. ही कल्पना इतकी मोहक होती की, आजही ती व्याख्यानांतून ऐकू येते. प्रत्यक्षात पेनफील्ड यांनीच १९६३ साली दिलेला हिशेब असा होता : मेंदूच्या त्या भागाला स्पर्श केलेल्या ५२० रुग्णांपैकी असे अनुभव आले ते अवघ्या ४० जणांना. उरलेल्या ४८० जणांना असा अनुभव आला नाही आणि ज्यांना आला, त्यांच्यापैकी अनेकांचे अनुभव आठवणीपेक्षा स्वप्नाच्या जवळचे होते.

यानंतर बराच काळ हा विषय मागे पडला. तो पुन्हा पुढे आला तो एका चुकीतून म्हणावे, की अपघातातून.

कॅनडातील टोरांटो येथे पन्नाशीचा एक गृहस्थ अतिस्थूलतेने ग्रस्त होता. सर्व उपाय थकले, तेव्हा आंद्रेस लोझानो यांच्या पथकाने भुकेचे नियंत्रण करणाऱ्या मेंदूच्या खोल भागात इलेक्ट्रोड बसवून तेथे प्रवाह देण्याचे ठरविले. ही पद्धत नवी नव्हती. फ्रान्समधील ग्रनोबल येथे अलीम-लुई बेनाबीद यांनी १९८७ साली कंपवाताच्या उपचारात तिचा पाया घातला होता. एक बारीक तार मेंदूत, तिला जोडलेली बॅटरी गळ्याखालच्या हाडाजवळ त्वचेच्या आत. मुंबईसह आपल्या देशातील मोठ्या रुग्णालयांतही कंपवाताच्या रुग्णांवर ही शस्त्रक्रिया होते आणि चहाचा पेला धरता न येणारा हात स्थिर झाल्याचे अनेक कुटुंबांनी पाहिले आहे.

टोरांटोच्या रुग्णाच्या बाबतीत मूळ हेतू भूक आवरण्याचा होता. परंतु प्रवाह सुरू होताच तो अचानक सांगू लागला, की आपण एका उद्यानात आहोत, सोबत मित्र आहेत, वय विशीच्या आसपास आहे. त्या काळातील आपली मैत्रीणही त्याला ओळखू आली. माणसे बोलत होती, पण शब्द कळत नव्हते. दृश्य रंगीत होते आणि तो स्वतः त्यात नव्हता, तो ते बाहेरून पाहत होता. प्रवाह वाढविला की तपशील अधिक स्पष्ट होत. बंद केला की सारे नाहीसे. इलेक्ट्रोड ज्या जागी होता, त्याला लागूनच फॉर्निक्स नावाचा मज्जातंतूंचा जुडगा जातो, तो हिप्पोकॅम्पसला मेंदूच्या अन्य भागांशी जोडतो. पुढे मंद प्रवाह सतत चालू ठेवून चाचण्या घेतल्या, तेव्हा शब्दांच्या जोड्या लक्षात ठेवण्यात हा गृहस्थ पूर्वीपेक्षा सरस ठरला. २००८ साली हे वृत्त प्रसिद्ध झाले आणि ज्या घरांत अल्झायमरचा रुग्ण होता, त्या प्रत्येक घरात एक आशा उभी राहिली.

ही घरे आता थोडी नाहीत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय स्वरूपाच्या एका अभ्यासानुसार भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख व्यक्ती स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. म्हणजे शंभर ज्येष्ठांत सात. 'वय झाले, आता विसरणारच' असे म्हणून आपल्याकडे ही व्याधी बराच काळ अंगणातच थांबविली जाते. घरातले आजोबा एके दिवशी नेहमीच्या रस्त्यावरून परत येत नाहीत, तेव्हा ती उंबरठा ओलांडून आत येते. अशा घरातील मुलाने वर्तमानपत्रात टोरांटोची बातमी वाचली, तर त्याने काय समजावे?

त्याने पुढचा भागही वाचायला हवा. अमेरिका आणि कॅनडा येथे सौम्य अल्झायमर असलेल्या ४२ रुग्णांच्या फॉर्निक्सपाशी इलेक्ट्रोड बसविण्यात आले. निम्म्यांचा प्रवाह चालू, निम्म्यांचा वर्षभर बंद. आणि कोणाचा चालू आहे हे ना रुग्णाला ठाऊक, ना तपासणाऱ्याला. २०१६ साली निष्कर्ष आले. बारा महिन्यांनी दोन्ही गटांच्या स्मरणशक्तीत म्हणावा असा फरक नव्हता. पासष्टीपुढील रुग्णांना काहीसा लाभ झाला असावा, पण त्याहून कमी वयाच्या रुग्णांची प्रकृती अधिक वेगाने ढासळल्याची चिन्हे दिसली. एका माणसाला उद्यान दिसले, म्हणून बेचाळीस माणसांना घर सापडत नाही.

त्याच वर्षी दुसराही एक धक्का बसला. २०१२ साली लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात इत्झाक फ्रीड आणि नंथिया सुथाना यांनी अपस्माराच्या सात रुग्णांवर प्रयोग केला होता. झटक्याचे उगमस्थान शोधण्यासाठी या रुग्णांच्या मेंदूत आधीच इलेक्ट्रोड बसविलेले असतात. रुग्णालयात खाटेवर पडून राहायचे, झटका येण्याची वाट पाहायची. त्या रिकाम्या वेळात त्यांना संगणकावर टॅक्सीचालकाचा खेळ दिला : एका काल्पनिक शहरात उतारूंना निरनिराळ्या दुकानांपाशी सोडायचे. काही दुकानांचा रस्ता शिकताना हिप्पोकॅम्पसच्या वेशीवरील एन्टोऱ्हायनल भागाला सूक्ष्म प्रवाह दिला. त्या दुकानांचे रस्ते रुग्णांना अधिक चांगले लक्षात राहिले. जवळची वाट त्यांना सापडू लागली. मोठा गाजावाजा झाला. परंतु २०१६ साली ४९ रुग्णांवर, म्हणजे सातपट लोकांवर, त्याच भागात आणि हिप्पोकॅम्पसमध्ये प्रवाह देऊन तपासले, तेव्हा स्मरण सुधारण्याऐवजी बिघडले.

एकच जागा, एकच वीज. एकदा लाभ, एकदा हानी. असे का व्हावे? या प्रश्नाचे जे उत्तर पुढे आले, ते या साऱ्या विषयाचे मर्म आहे.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मायकल कहाना यांच्या पथकाने रुग्णांना बारा-बारा शब्दांच्या याद्या दाखविल्या. मध्ये थोडी गणिते सोडवायला द्यायची, म्हणजे शब्द मनात घोळविता येऊ नयेत; आणि मग आठवतील तेवढे शब्द सांगायचे. हे चालू असताना मेंदूतील विद्युत्लहरी नोंदविल्या. अनेक याद्यांनंतर संगणकाला एवढे कळू लागले, की लहरींचे रूप असे असेल तर हा शब्द लक्षात राहणार आणि तसे असेल तर निसटणार. विद्यार्थ्याचा चेहरा पाहून, याचे लक्ष आहे की खिडकीबाहेर, हे जुने गुरुजी ओळखत. तसाच हा प्रकार. मग असे दिसले, की मेंदू निसटण्याच्या अवस्थेत असताना प्रवाह दिला तर स्मरण सुधारते आणि चांगल्या अवस्थेत असताना दिला तर उलट बिघडते. झोपाळ्याला धक्का नेमक्या क्षणी दिला तर तो उंच जातो; समोरून येत असताना दिला तर थांबतो. २०१८ साली याच तत्त्वावर संगणकाने स्वतःच क्षण ओळखून कानशिलाकडील मेंदूच्या बाह्य भागाला प्रवाह द्यायचा, असा प्रयोग २५ रुग्णांवर झाला. आठवणाऱ्या शब्दांत सरासरी १५ टक्क्यांची वाढ झाली.

त्याच वर्षी वेक फॉरेस्ट येथील रॉबर्ट हॅम्पसन आणि दक्षिण कॅलिफोर्नियाचे थिओडोर बर्गर यांच्या पथकाने आणखी पुढचे पाऊल टाकले. रुग्णाला चित्र बरोबर आठवले त्या वेळी हिप्पोकॅम्पसमधील पेशींनी जो ताल धरला होता, तो गणिताने शोधून तसाच ताल विजेच्या रूपाने परत द्यायचा. आठ रुग्णांत स्मरणात सुमारे ३५ ते ३७ टक्के सुधारणा आढळली. या दोन्ही कामांना पैसा पुरविला तो अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या 'दार्पा' या संस्थेने. युद्धात डोक्याला मार लागून स्मृती गमावलेल्या सैनिकांसाठी तिने २०१३ साली हा उपक्रम जाहीर केला होता. जखमी सैनिकाला त्याची स्मृती परत मिळावी, याबद्दल कोणाचे दुमत असण्याचे कारण नाही. तथापि जे यंत्र आठवण कधी रुजणार हे ओळखते आणि चुकीच्या क्षणी प्रवाह देऊन ती रुजू न देणेही ज्याला शक्य आहे, त्याच्या चाव्या कोणाकडे असाव्यात, हा प्रश्न रुग्णालयापुरता उरत नाही. स्मृती पुसण्याचे सामर्थ्य विजेत आहे, हे मानसोपचारतज्ज्ञ १९३८ पासून जाणतात. त्या वर्षी रोममध्ये विद्युत्झटक्याचा उपचार प्रथम वापरला गेला. तीव्र नैराश्यात तो आजही प्राण वाचवितो, परंतु उपचाराच्या आसपासच्या काळातील आठवणी अनेकदा धूसर होतात. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने भूल दिल्याशिवाय हा उपचार करण्यास बंदी घातली आणि अल्पवयीनांसाठी पालकांच्या संमतीबरोबरच मंडळाची परवानगी आवश्यक ठरविली.

येथपर्यंत जे सांगितले, ते कवटी उघडून बसविलेल्या इलेक्ट्रोडविषयी. परंतु मध्यमवर्गीय घराच्या दारात जे येऊन उभे राहणार आहे, किंबहुना परदेशांत केव्हाच उभे राहिले आहे, ते वेगळे आहे. कपाळावर पट्टा बांधायचा, ओल्या स्पंजच्या दोन चकत्यांतून एक-दोन मिलिअँपिअरचा मंद प्रवाह सोडायचा आणि अभ्यासाला बसायचे. शस्त्रक्रिया नाही, वेदना नाही, थोडीशी चुणचुण. जर्मनीतील ग्यॉटिंगेन येथे २००० साली नित्शे आणि पाउलुस यांनी अशा प्रवाहाने मेंदूची उत्तेजनक्षमता बदलते असे दाखविले आणि प्रयोगांची रीघ लागली. २००६ साली ल्युबेक येथे लिसा मार्शल आणि यान बोर्न यांनी १३ तरुणांना झोपेपूर्वी शब्दांच्या जोड्या पाठ करायला दिल्या आणि गाढ झोपेच्या आरंभी, त्या झोपेच्याच संथ लयीत कवटीवरून प्रवाह दिला. सकाळी त्यांना अधिक जोड्या आठवल्या. जलद लयीचा प्रवाह दिला, तेव्हा काहीच झाले नाही. येथेही मर्म तेच : लय जुळली तर. पुढे काही प्रयोगशाळांना मात्र हा परिणाम पुन्हा दिसला नाही. २०२२ साली बोस्टन विद्यापीठात रॉबर्ट राइनहार्ट यांच्या पथकाने ६५ ते ८८ वयाच्या १५० निरोगी ज्येष्ठांवर सलग चार दिवस, रोज वीस मिनिटे असा प्रयोग केला. मेंदूच्या एका भागाला एक लय दिली तर नुकतेच ऐकलेले शब्द अधिक आठवले, दुसऱ्या भागाला वेगळी लय दिली तर यादीच्या आरंभीचे. हा लाभ महिनाभर टिकला. ज्यांची स्मरणशक्ती मुळात उणी होती, त्यांना तो अधिक झाला.

हे सारे आश्वासक आहे, यात शंका नाही. परंतु प्रयोगशाळेतील लय, जागा आणि वेळ यांचा काटेकोरपणा बाजारातील पट्ट्यात कोठून येणार? न्यूयॉर्कचे ज्योर्जी बुझाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृतदेहांवर मोजमाप करून २०१८ साली दाखविले, की कवटीबाहेरून दिलेल्या प्रवाहातील सुमारे तीन चतुर्थांश भाग त्वचा, ऊती आणि हाड यांतच विरून जातो. मेंदूपर्यंत पोहोचते ते उरलेले. आणि जे पोहोचते ते केवळ लाभच करते, असेही नाही. २०१३ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी नवी अंकचिन्हे शिकणाऱ्यांना प्रवाह दिला. एका भागाला दिला, तेव्हा शिकणे जलद झाले, पण शिकलेले सहजपणे वापरण्याची क्षमता घटली. दुसऱ्या भागाला दिला, तेव्हा नेमके उलटे झाले. २०१६ साली या क्षेत्रातीलच चाळीसएक शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून, घरच्या घरी असे प्रयोग करण्यातील धोक्यांची जाणीव करून दिली. ज्यांची उपजीविका या संशोधनावर आहे, त्यांनीच सावध करावे, याला विशेष मोल आहे. दहावी-बारावीच्या मुलाचा मेंदू तर अद्याप घडत असतो. त्याच्यावर दीर्घकाळ असा प्रवाह सोडल्यास काय होते, याचे उत्तर देण्याइतके प्रयोग झालेलेच नाहीत आणि ते आपल्या मुलावर व्हावेत असे कोणत्याही पालकाला वाटणार नाही.

साहजिकच प्रश्न येतो, की विजेवाचून मेंदूत असा बदल होतच नाही काय? होतो, आणि त्याची मोजमापेही झाली आहेत. लंडनच्या टॅक्सीचालकांना परवान्यासाठी हजारो रस्ते मुखोद्गत करावे लागतात. एलिनॉर मॅग्वायर यांनी २००० साली त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागील भाग इतरांपेक्षा मोठा असल्याचे दाखविले. जन्मतःच तो मोठा असेल, ही शंका रास्त होती. म्हणून २०११ साली शिकाऊ चालकांना आधी आणि नंतर तपासले. जे परीक्षा उत्तीर्ण झाले, त्यांच्यातच वाढ दिसली. जे झाले नाहीत, त्यांच्यात नाही.

आपल्याकडील वेदपाठाची परंपरा या संदर्भात स्मरणे अगदी स्वाभाविक आहे. पद, क्रम, जटा, घन अशा पाठांतून शब्दांचा क्रम उलटसुलट फिरवून संहिता अक्षरशः जशीच्या तशी राखण्याची ही पद्धती. युनेस्कोने २००३ साली तिचा गौरव केला. हरियाणातील मानेसर येथे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात दिल्ली परिसरातील २१ वेदपाठी पंडितांच्या मेंदूची तेवढ्याच अन्य व्यक्तींच्या मेंदूशी तुलना करण्यात आली. जेम्स हार्ट्झेल आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. पंडितांच्या मेंदूत भाषा आणि स्मृती यांच्याशी संबंधित भागांत, हिप्पोकॅम्पसमध्येही, करड्या द्रव्याचे प्रमाण अधिक आढळले. येथे थोडे थांबणे इष्ट. हा अभ्यास पंडितांना अध्ययनापूर्वी तपासून झालेला नाही, तेव्हा पाठांतराने मेंदू बदलला की तसा मेंदू असलेलेच या अध्ययनात टिकले, हे त्यावरून सांगता येत नाही. मंत्र म्हटल्याने स्मृतिभ्रंश बरा होतो, असे तर तो मुळीच म्हणत नाही. तरीही या अभ्यासाच्या आधारे तसे संदेश मोबाइलवरून फिरत असतात आणि ते पुढे पाठविणाऱ्यांत आपलीच माणसे अधिक असतात, हे कबूल करायला हवे. हजारो वर्षे एका अक्षराचीही चूक खपवून न घेणाऱ्या परंपरेचा गौरव चुकीच्या विधानाने होत नाही.

ज्यांच्या घरी स्मृतिभ्रंशाचा रुग्ण आहे, त्यांच्यासाठी व्यवहाराची गोष्ट एवढीच, की स्मरणशक्तीसाठी मेंदूत इलेक्ट्रोड बसविणे हा आजमितीस सिद्ध उपचार नाही, ते संशोधन आहे. कोणी तसे काही सुचविले, तर तीन प्रश्न स्पष्ट विचारावेत : हे संमत उपचारांत मोडते की चाचणीत? चाचणी असेल तर तिची अधिकृत नोंद कोठे आहे? आणि चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे का घेतले जात आहेत? तिसऱ्या प्रश्नापाशी बरीचशी संभाषणे आपोआप संपतात. कानाला कमी ऐकू येणे, रक्तदाब, मधुमेह, एकटेपणा यांकडे वेळीच लक्ष दिल्यास स्मृतिभ्रंशाचा धोका काही प्रमाणात कमी होतो, हे मात्र अनेक अभ्यासांनी दाखविले आहे आणि त्यासाठी कवटी उघडावी लागत नाही.

राहता राहिले ते रुग्ण, ज्यांच्यापासून आरंभ केला. २०१२ सालचे सात, २०१६ सालचे एकोणपन्नास, २०१८ सालचे पंचवीस आणि आठ. यांतील बहुतेकांच्या मेंदूत ते इलेक्ट्रोड काही दिवसांपुरतेच होते. झटक्याची जागा सापडली की ते काढून घेतले जातात. शब्दांच्या याद्या पाठ करताना त्यांना जी पंधरा टक्के अधिक स्मृती लाभली, ती त्या तारांबरोबरच गेली. आणि हे तसे होणार, याची कल्पना संमतिपत्रावर सही करतानाच त्यांना दिलेली होती. डोक्याला पट्ट्या बांधलेल्या, झोप पुरेशी नाही, झटका केव्हा येईल याचा नेम नाही, अशा स्थितीत तासन्‌तास बसून ते पुन्हा पुन्हा बारा शब्द पाहत राहिले.